मते फुटली की मतदार गेला? अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियातील उजव्या मतदाराविषयी

बोकाठ, कॅल्गरी

गेल्या आठवड्यात या चर्चागटातील एका सदस्यांनी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताविषयी लिहिले होते की, ‘अल्बर्टातील उजव्या विचारांच्या मतदाराने 2015 ची प्रांतिक निवडणूक कधीही विसरू नये; यूसीपी (युनायटेड कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष) सोडून दुसऱ्या उजव्या पक्षाला दिलेले मत हे डावीकडच्या एनडीपीलाच (न्यू डेमोक्रॅटिक पक्षालाच) दिलेले मत असते, आणि ज्यांनी त्या वर्षी मते फोडली त्यांनीच या प्रांताचे चार वर्षे नुकसान केले.’ त्यावर अनेकांनी संमती दर्शवली, म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे. मी 2012 आणि 2015 या दोन्ही निवडणुकांत वाईल्डरोज पक्षाला मत दिले, 2019 मध्ये वाईल्डरोज आणि पीसी (प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह) हे दोन उजवे पक्ष मिळून झालेल्या यूसीपीला दिले, आणि माझ्यासारख्यांवर प्रांत बुडवल्याचा आरोप करणाऱ्यांनी आधी आकडे मुळापासून वाचावेत अशी माझी मागणी आहे.

2015 चा हिशेब सगळे एकाच पद्धतीने मांडतात. पीसी पक्षाला 27.8 टक्के, वाईल्डरोजला 24.2 टक्के, दोघांची बेरीज 52 टक्के. एनडीपीला मात्र 40.6 टक्के मतांवर 87 पैकी 54 जागा. तेव्हा मते फुटली म्हणूनच एनडीपीच्या रेचेल नॉटली प्रीमियर (प्रांताच्या मुख्यमंत्री) झाल्या, असा निष्कर्ष काढला जातो. बेरीज बरोबर आहे, पण हिशेबाची सुरुवात चुकीच्या वर्षापासून केली आहे. 2012 मध्येही हेच दोन पक्ष एकमेकांविरुद्ध उभे होते. तेव्हा पीसींना सुमारे 44 आणि वाईल्डरोजला सुमारे 34 टक्के मते पडली, म्हणजे उजवीकडची फूट तेव्हाही तितकीच खरी होती, आणि तरीही एनडीपी दहा टक्क्यांच्या आत आणि चार जागांवर थांबली. पुढच्या तीन वर्षांत या दोन पक्षांची एकत्रित मते 78 वरून 52 टक्क्यांवर आली. ही 26 टक्के मते पीसी आणि वाईल्डरोज यांच्यात वाटली गेली नाहीत, ती दोघांनाही सोडून गेली.

ती का गेली, हे त्या काळात येथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डिसेंबर 2014 मध्ये वाईल्डरोजच्या नेत्या आणि विरोधी पक्षनेत्या डॅनिएल स्मिथ आपल्या आठ आमदारांना घेऊन थेट सत्ताधारी पीसींच्या बाकांवर जाऊन बसल्या. ज्या पक्षाच्या फलकांसाठी आम्ही स्वयंसेवकांनी दारोदार परवानगी मागितली होती, त्या पक्षाच्या नेत्याच निघून गेल्या आणि आम्हाला त्याची कल्पना वर्तमानपत्रातून मिळाली. त्यानंतर प्रीमियर जिम प्रेंटिस यांनी मार्चच्या अर्थसंकल्पात प्राप्तिकर वाढवला, इंधनावरचा कर वाढवला, आरोग्यासाठी वेगळी आकारणी सुचवली, कंपन्यांच्या कराला हात लावला नाही, आणि प्रांताच्या आर्थिक अडचणीला जबाबदार कोण हे पाहायचे असेल तर जनतेने आरशात पाहावे, अशा अर्थाचे विधान रेडिओवर केले. कायद्याने 2016 च्या वसंतात व्हायची निवडणूक त्यांनी वर्षभर अलीकडे ओढली. 1971 पासून अखंड सत्तेत असलेल्या पक्षाने मतदाराला गृहीत धरले, आणि मतदाराने उत्तर दिले.

शिवाय राजधानी एडमंटनचे काय? तेथील सर्व जागा एनडीपीने जिंकल्या, आणि त्यांतील अनेक निम्म्याहून अधिक मतांनी. तेथे पीसी आणि वाईल्डरोज एकाच चिन्हाखाली उभे राहिले असते तरी निकाल तोच लागला असता. पराभवाची जबाबदारी नेत्यांवर आहे. ती मतदाराच्या माथी मारण्याचा अधिकार कोणत्याही पक्षाला नाही.

मॅकमरीकर, एडमंटन

बोकाठ, ज्या लेखनावर तुम्ही इतके चिडला आहात ते माझेच आहे, आणि मी त्यातील एकही शब्द मागे घेत नाही.

तुम्ही एडमंटनचे उदाहरण घेतलेत, पण तुमच्या स्वतःच्या शहराचे घेतले नाहीत. कॅल्गरीतील 25 पैकी 15 जागा एनडीपीने जिंकल्या आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी उजव्या दोघांची बेरीज विजेत्यापेक्षा मोठी होती. कॅल्गरी-ग्लेनमोर येथे एनडीपी आणि पीसी यांना पहिल्या मोजणीत तंतोतंत समान, प्रत्येकी 7,015 मते पडली आणि फेरमोजणीत एनडीपी सहा मतांनी विजयी ठरली. त्याच मतदारसंघात वाईल्डरोजच्या उमेदवाराने हजारो मते घेतली होती. त्या हजारोंपैकी सात जणांनी वेगळा विचार केला असता तर ती जागा गेली नसती. याला मतविभागणी म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

आता दुसरा पुरावा. जुलै 2017 मध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी प्रत्येकी सुमारे 95 टक्के बहुमताने विलीनीकरण मान्य केले, आणि एप्रिल 2019 मध्ये जेसन केनी यांच्या नेतृत्वाखाली यूसीपीला 54.9 टक्के मते व 63 जागा मिळाल्या. 2015 ची दोन पक्षांची बेरीज 52 होती. एकत्र आल्यावर ती 55 झाली. मतदार कोठेही गेला नव्हता, तो दोन दारांपुढे उभा होता आणि एक दार बंद केल्यावर दुसऱ्यातून आत आला.

आणि हे सर्व माझ्यासाठी केवळ आकड्यांचे प्रकरण नाही. मी त्या काळात फोर्ट मॅकमरीत तेलवाळूच्या कामावर होतो. 2014 च्या मध्यास शंभर डॉलरच्या वर असलेला पिंपाचा भाव 2016 च्या आरंभी तीसच्या खाली गेला, हे मला मान्य आहे आणि तो नॉटलींनी पाडला असे मी म्हणत नाही. परंतु भाव कोसळत असताना त्यांच्या सरकारने कंपन्यांचा कर दहावरून बारा टक्क्यांवर नेला, स्वामित्वशुल्काचा (तेलावरच्या रॉयल्टीचा) फेरविचार सुरू करून गुंतवणूकदारांना महिनोन्‌महिने टांगून ठेवले, आणि 2017 पासून टनाला 20 डॉलर, पुढच्या वर्षी 30 डॉलर असा कार्बन कर लावला. माझी नोकरी 2015 च्या शरद ऋतूत गेली. घराचे हप्ते सुरू होते, मुलगी लहान होती, आणि ज्या गल्लीत आम्ही राहत होतो तेथे एकापाठोपाठ एक ‘विक्रीस आहे’ अशा पाट्या लागत होत्या. अशा वेळी ‘मी तत्त्वासाठी वाईल्डरोजला मत दिले’ असे कोणी अभिमानाने सांगितले की मला राग येतो, आणि तो येणे स्वाभाविक आहे.

सरेवासिनी, सरे

मॅकमरीकर, तुमच्या अनुभवाबद्दल मला मनापासून वाईट वाटते, पण ‘एक दार बंद केले की मतदार दुसऱ्यातून आत येतो’ हे तुमचे वाक्य ब्रिटिश कोलंबियात खोटे ठरले आहे. ते दार माझ्या तोंडावर बंद करण्यात आले, म्हणून मी बोलते आहे.

मी बीसी (ब्रिटिश कोलंबिया) लिबरल पक्षाची जुनी मतदार. नाव लिबरल असले तरी तो आमच्या प्रांतात मध्यापासून उजवीकडच्या सर्वांचा एकत्र तंबू होता, हे येथील सर्वांना माहीत आहे. पक्षाचे नेते केव्हिन फाल्कन यांनी ऑगस्ट 2022 मध्ये आमदार जॉन रस्टाड यांना हवामानबदलाविषयीच्या मतांवरून आमदारगटातून काढले, 2023 मध्ये पक्षाचे नाव बदलून बीसी युनायटेड केले, त्याच वर्षी रस्टाड कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते झाले, आणि 28 ऑगस्ट 2024 रोजी, मतदानाला दोन महिनेही उरलेले नसताना, फाल्कन यांनी आपल्या पक्षाचा प्रचारच थांबवून टाकला. ज्या उमेदवारांनी नोकरीतून रजा काढून प्रचार सुरू केला होता, त्यांनाही हे शेवटच्या क्षणी कळले. काही विद्यमान आमदार अपक्ष म्हणून उभे राहिले आणि त्यांतील एकही निवडून आला नाही.

मतविभागणी पूर्ण टळली. निकाल काय लागला? एनडीपी 47, कॉन्झर्व्हेटिव्ह 44, ग्रीन 2. सरे-गिल्डफर्ड ही जागा न्यायालयीन फेरमोजणीनंतर एनडीपीकडे 22 मतांनी राहिली आणि त्या एका जागेवर एनडीपीचे प्रीमियर डेव्हिड ईबी यांचे बहुमत टिकले. माझ्यासारखे लघुउद्योग चालवणारे, कर कमी हवेत असे मानणारे, पण लसीकरण आणि हवामान यांविषयी रस्टाड यांच्या पक्षातील काही उमेदवारांची विधाने ऐकून मागे सरणारे किती मतदार या एका शहरात असतील याचा विचार करा. मी आयुष्यात प्रथमच एनडीपीला मत दिले. माझ्या यजमानांनी मतदानच केले नाही. आम्हाला आमचा पक्ष मतपत्रिकेवर मिळाला असता तर आम्ही त्यालाच मत दिले असते.

केलोनाकर, केलोना

सरेवासिनी, म्हणजे तुम्ही स्वतःला उजव्या मतदार म्हणवता, एनडीपीला मत देता, आणि त्याचा दोष आम्हाला देता! 22 मतांनी सरकार राहिले असे तुम्हीच सांगता आणि आपले मत कोठे टाकले हेही तुम्हीच सांगता. ज्यांच्या नावाने आम्ही गेली दोन वर्षे हळहळतो आहोत ते मतदार नक्की कोण होते, याचे उत्तर आता मिळाले.

फाल्कन यांनी जे केले ते या प्रांताच्या राजकारणातील दुर्मीळ त्यागाचे उदाहरण आहे. आमच्या पिढीने 1996 पाहिले आहे. त्या वर्षी बीसी लिबरलांना 41.8 टक्के मते मिळाली, एनडीपीला 39.5, आणि तरीही एनडीपीचे ग्लेन क्लार्क 39 जागांसह सत्तेत राहिले, कारण रिफॉर्म पक्षाने 9 टक्क्यांहून अधिक मते घेऊन फक्त दोन जागा मिळवल्या. जास्त मते आमची आणि सरकार त्यांचे. पाच वर्षांनी ती फूट मिटली तेव्हा लिबरलांनी 79 पैकी 77 जागा जिंकल्या. 2020 मध्ये लिबरल 34 टक्क्यांच्या खाली होते. 2024 मध्ये एकत्रित उजवी बाजू 43.3 टक्क्यांवर पोहोचली. एकजुटीने मते घटतात असे तुम्ही कोणत्या आकड्यावरून म्हणता?

सरेवासिनी, सरे

केलोनाकर, माझे मत ही तुमच्या पक्षाची उधारी नव्हती, तेव्हा ते बुडवल्याचा हिशेब माझ्याकडे मागू नका. तुम्ही मला कधी विचारले नाही, माझ्या दारी कोणी आले नाही, आणि माझा पक्ष बंद करताना माझी संमतीही कोणी घेतली नाही. अल्बर्टात निदान दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मतदान करून विलीनीकरण मान्य केले. येथे एका नेत्याने पत्रकार परिषदेत ते उरकले. ज्याला तुम्ही त्याग म्हणता तो त्यांनी माझ्या वतीने केला, आणि दुसऱ्याच्या वतीने केलेल्या गोष्टीला मी त्याग म्हणत नाही.

43.3 टक्क्यांचे म्हणाल, तर त्यातील किती मते एकजुटीची आणि किती सात वर्षांच्या एनडीपी राजवटीला, घरांच्या किमतींना आणि रस्त्यावरच्या अमली पदार्थांना कंटाळलेल्यांची, हे तुम्हीही वेगळे काढू शकत नाही. शिवाय ती एकजूट टिकली किती? मार्च 2025 मध्ये एका आमदाराला काढले, त्याच दिवशी आणखी दोघे गेले, त्यांतील दोघांनी मिळून नवा पक्ष काढला, आणि डिसेंबरमध्ये रस्टाड यांनाच नेतृत्व सोडावे लागले.

पदवीधर, व्हिक्टोरिया

या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट बोलत नाहीत. मते फुटतात, कारण मतपत्रिकेवर आपल्याला एकच खूण करता येते. महाराष्ट्रात असताना मी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मतदान केले आहे. तेथे उमेदवाराच्या नावापुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम लिहायचे असतात. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तर मत दुसऱ्याकडे जाते. येथे तशी सोय असती तर बोकाठ यांनी वाईल्डरोजला 1 आणि पीसींना 2 लिहिले असते, ग्लेनमोरचा प्रश्न सुटला असता आणि कोणाला कृतघ्न ठरवण्याची वेळ आली नसती.

आणि हे काही परके नाही. अल्बर्टात 1926 पासून 1955 पर्यंतच्या प्रांतिक निवडणुका पसंतीक्रमानेच झाल्या. 1955 मध्ये सत्ताधारी सोशल क्रेडिट पक्षाच्या जागा 61 पैकी 37 वर आल्या, तेव्हा त्याच पक्षाच्या मॅनिंग सरकारने ती पद्धत मोडीत काढली आणि 1959 मध्ये सुमारे 56 टक्के मतांवर 65 पैकी 61 जागा मिळवल्या. सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की पक्ष स्वतःसाठी ही पद्धत राखून ठेवतात. ऑक्टोबर 2022 मध्ये यूसीपीने नेता निवडला तो पसंतीक्रमानेच, आणि डॅनिएल स्मिथ सहाव्या फेरीत 53.77 टक्क्यांवर पोहोचल्या. सदस्याला सहा फेऱ्या आणि मतदाराला एक खूण, हा भेद कोणत्या न्यायाने?

केलोनाकर, केलोना

पदवीधर, तुम्ही अल्बर्टाचा इतिहास सांगितलात आणि आपल्याच प्रांताचा गाळलात. ब्रिटिश कोलंबियात लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांची युती होती. 1945 आणि 1949 मध्ये त्यांनी संयुक्त उमेदवार दिले आणि समाजवादी सीसीएफला (एनडीपीच्या पूर्वीच्या पक्षाला) रोखले. युती मोडण्याच्या बेतात आली तेव्हा त्यांनी 1952 साठी पसंतीक्रम आणला, या हिशेबाने की लिबरल मतदार दुसरी पसंती कॉन्झर्व्हेटिव्हला देईल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह मतदार लिबरलला. प्रत्यक्षात दोघांनीही आपली दुसरी पसंती तिसऱ्यालाच दिली. सोशल क्रेडिट 19, सीसीएफ 18, लिबरल 6, कॉन्झर्व्हेटिव्ह 4. मोजणी कित्येक आठवडे चालली आणि ज्या पक्षाला निवडणुकीत स्वतःचा प्रीमियरपदाचा उमेदवारही नव्हता, तो सत्तेत आला. दोन जुने पक्ष स्वतःच्याच युक्तीने संपले. हे तुम्हाला पुन्हा हवे आहे?

पदवीधर, व्हिक्टोरिया

होय, हवे आहे, कारण तुम्ही ज्याला अपघात म्हणता तो मतदाराच्या खऱ्या पसंतीचा निकाल होता. सीसीएफ नको, पण हे दोघे जुने पक्षही नकोत, असे म्हणणारा मोठा वर्ग प्रांतात होता आणि एका खुणेच्या मतपत्रिकेवर तो कधीच दिसला नसता. त्याने निवडलेले सोशल क्रेडिटचे डब्ल्यू. ए. सी. बेनेट हे स्वतः कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेतृत्वासाठी दोनदा लढून हरलेले आणि युती सोडून बाहेर पडलेले गृहस्थ होते. आजच्या भाषेत तुम्ही त्यांना मतफोडे म्हटले असते. त्यांनी वीस वर्षे राज्य केले, आणि उजव्या मतदाराला त्या वीस वर्षांची तक्रार करताना मी पाहिलेले नाही. अर्थात बेनेट यांनीही 1953 मध्ये बहुमत मिळताच ही पद्धत रद्द केली, हेही सांगतो, कारण ते लपवण्यासारखे नाही. मॅनिंग असोत की बेनेट, ज्या शिडीने पक्ष वर चढतो ती काढून घेण्यात त्याचा स्वार्थ असतो.

मॅकमरीकर, एडमंटन

आपण 1952 मध्ये काय करत आहोत? मूळ प्रश्न पुढच्या निवडणुकीचा आहे. मतदानपद्धत बदलण्याचे तुमच्याच प्रांतात तीन वेळा लोकांना विचारून झाले. 2005 मध्ये 57.7 टक्के लोक अनुकूल होते, पण अट 60 टक्क्यांची होती. 2009 मध्ये पाठिंबा 39 टक्क्यांवर घसरला. 2018 मध्ये 61.3 टक्क्यांनी जुनीच पद्धत ठेवायला सांगितले. जी पद्धत आहे तिच्यातच मत द्यायचे आहे.

पदवीधर, व्हिक्टोरिया

त्या तिन्ही वेळी मतदारांपुढे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याच्या, निरनिराळ्या योजना होत्या. एका मतदारसंघात एक आमदार ठेवून केवळ पसंतीक्रम लिहिण्याचा साधा प्रश्न एकदाही विचारला गेला नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे तुम्ही कसे धरता?

ब्रॅम्प्टनकर, ब्रॅम्प्टन

पश्चिमेकडच्या मंडळींना थोडे पूर्वेकडे पाहण्याची विनंती आहे. ओंटारिओत उजव्या पक्षाचे डग फोर्ड यांनी 2018 मध्ये 40.5 टक्के मतांवर 76, 2022 मध्ये 40.8 टक्क्यांवर 83, आणि 2025 मध्ये सुमारे 43 टक्क्यांवर 80 जागा जिंकल्या, त्याही 124 च्या सभागृहात. मी तिन्ही वेळा त्यांनाच मत दिले. आमच्याकडे लिबरल आणि एनडीपी यांचे मतदार एकमेकांना अगदी याच धाग्यातल्या भाषेत दोष देतात. 2015 मध्ये 40.6 टक्क्यांवर आलेले नॉटलींचे सरकार अन्यायाचे असेल, तर 40.8 टक्क्यांवर आलेले माझे आवडते सरकारही त्याच मापाने मोजावे लागेल. मला ते सोयीचे नाही, पण नाकारताही येत नाही. 2022 मध्ये मतदान 44 टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे निम्म्याहून अधिक लोक घरीच राहिले, आणि याचे मला विजयाच्या रात्रीही वाईट वाटले होते.

क्यूबेकमध्ये तर 2022 साली कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला सुमारे 13 टक्के मते पडली आणि जागा शून्य. लिबरलांना 14 टक्क्यांवर 21. त्या 13 टक्के लोकांना कोणी जाऊन सांगावे की तुम्ही अस्तित्वातच नाही?

आणखी एक सांगतो. आपल्यापैकी अनेकांना मतविभागणी मुंबईतून ठाऊक आहे. 2009 मध्ये मनसे उभी राहिली आणि मुंबईतील लोकसभेच्या सहाही जागा काँग्रेस आघाडीला गेल्या. परंतु आपल्याकडे जागावाटप नावाची गोष्ट आहे. दोन पक्ष आपापले नाव, झेंडा आणि नेता राखून मतदारसंघ वाटून घेतात. येथे एक तर आपसात लढाई, नाही तर विलीनीकरण, यापलीकडे कोणी विचारच करत नाही.

सरेवासिनी, सरे

विचार झाला होता. मे 2024 मध्ये बीसी युनायटेड आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांच्यात एकमेकांविरुद्ध उमेदवार न देण्याची बोलणी झाली आणि ती फिसकटली. मला स्वतःला तो मार्ग पटला असता, निदान प्रांताच्या अर्ध्या भागात तरी माझ्यासारख्यांना मत द्यायला माणूस उरला असता. तरी एक अडचण सांगते: माझा मतदारसंघ समोरच्या पक्षाच्या वाट्याला गेला असता, तर मी पुन्हा तेथेच उभी राहिले असते जेथे आज आहे.

केलोनाकर, केलोना

येथे उमेदवार मतदारसंघातील पक्षसदस्य मतदान करून ठरवतात. वर्षभर सदस्य नोंदवून, बैठका घेऊन उमेदवारी मिळवलेल्या माणसाला वरून ‘ही जागा दुसऱ्याला सोडली’ असे सांगणे आपल्याकडे चालत असेल, येथे त्यावर बंड होते. 2024 च्या ऑगस्टमध्ये तेच झाले, आणि सरेवासिनी, उमेदवारांना ज्या रीतीने वागवले गेले ते योग्य नव्हते, एवढे मी मान्य करतो. तुमच्या एनडीपीच्या मताबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही.

बोकाठ, कॅल्गरी

मॅकमरीकर, तुमच्या पहिल्या उत्तरातील कॅल्गरी-ग्लेनमोरकडे परत येतो, कारण तो मतदारसंघ माझ्या घरापासून दूर नाही. 2015 मध्ये उजवी मते फुटली आणि एनडीपी सहा मतांनी जिंकली. मान्य. 2019 मध्ये यूसीपी जिंकली. तेही मान्य. पण मे 2023 मध्ये तेथे वाईल्डरोजसारखा दुसरा बळकट उजवा पक्ष नव्हता आणि तरीही एनडीपी पन्नासहून कमी मतांनी जिंकली. शेजारच्या कॅल्गरी-अकेडियात विद्यमान मंत्री तीसहून कमी मतांनी हरले. तेथे मते कोणी फोडली? संपूर्ण प्रांतात यूसीपी 54.9 वरून 52.6 वर आली, एनडीपी 44 टक्क्यांवर गेली, आणि जागा 63 वरून 49 झाल्या. फूट नसतानाही मतदार जाऊ शकतो याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही.

आणि एकजुटीची किंमत कोणी मोजली? केनी यांना मे 2022 मध्ये स्वतःच्याच सदस्यांकडून 51.4 टक्के विश्वास मिळाला आणि ते गेले. पीसी आणि वाईल्डरोज यांच्यातील जे भांडण पूर्वी निवडणुकीत सर्व मतदारांपुढे होत असे, ते आता पक्षाच्या आत, सदस्यत्वाची पावती असलेल्यांपुरते होते. ग्लेनमोरमधला साधा मतदार त्यात नसतो, आणि तो निवडणुकीच्या दिवशी आपले म्हणणे सांगतो.

मॅकमरीकर, एडमंटन

78 वरून 52 हा तुमचा आकडा मी तपासला आणि तो बरोबर आहे. 2015 चा संपूर्ण पराभव मतविभागणीमुळे झाला असे मी यापुढे लिहिणार नाही. कॅल्गरीतल्या जागा तिच्यामुळे गेल्या एवढेच लिहीन. प्रेंटिस यांच्या त्या अर्थसंकल्पाने माझ्याही घरात भांडण झाले होते, हेही सांगून टाकतो. माझी पत्नी परिचारिका आहे आणि तिने तेव्हा कोणाला मत दिले हे मी आजवर विचारलेले नाही.

परंतु 2023 च्या ज्या जागा तुम्ही मोजल्यात त्याच मी तुमच्यापुढे ठेवतो. पन्नास आणि तीस मतांनी जागा जात असतील, तर ऑक्टोबर 2027 मध्ये चार-पाचशे मते घेणारा एखादा लहान उजवा पक्ष कॅल्गरीत काय करील? जून 2025 मध्ये ओल्ड्स-डिड्सबरी-थ्री हिल्सच्या पोटनिवडणुकीत अल्बर्टा वेगळा करू पाहणाऱ्या रिपब्लिकन पक्षाने 17 टक्क्यांहून अधिक मते घेतली. तेथे यूसीपीला 61 टक्के असल्याने काही बिघडले नाही. कॅल्गरीत इतकी शिल्लक नाही. दुसरीकडे यूसीपीच्या आमदारगटातून काढून टाकलेल्या दोन आमदारांनी जुना पीसी पक्ष पुन्हा उभा करण्याची घोषणा केली. म्हणजे एका बाजूला फुटीरतावादी, दुसऱ्या बाजूला जुने पीसी, आणि मध्ये ग्लेनमोर. मला भीती वाटते, आणि ती एका पक्षाच्या कार्यकर्त्याची नसून ज्याने एकदा सर्व गमावले आहे अशा माणसाची आहे.

बोकाठ, कॅल्गरी

तुमची भीती मला समजते आणि तिचा मी अनादर करणार नाही. पण ती तुम्ही मला सांगता आहात, यूसीपीच्या नेत्यांना नाही. वेगळे होण्याची भाषा करणाऱ्यांना चुचकारत राहिल्याने कॅल्गरीतला माझ्यासारखा मतदार अस्वस्थ होतो, हे तुम्ही तुमच्या मतदारसंघाच्या बैठकीत उभे राहून सांगणार आहात काय? तसे केलेत, आणि माझ्याकडे उमेदवार म्हणून ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस आला, तर माझे मत यूसीपीला जाईल. तसे झाले नाही आणि जुन्या पीसी वळणाचा कोणी उभा राहिला, तर मी त्याला मत देईन आणि निकाल काहीही लागला तरी त्याबद्दल कोणाची क्षमा मागणार नाही.

मॅकमरीकर, एडमंटन

बैठकीत मी बोलेन, तसा शब्द देतो. वेगळे होण्याच्या कल्पनेला माझाही विरोध आहे. माझी मुलगी ओटावात शिकते आणि तिच्या व माझ्या मध्ये सीमा यावी असे मला वाटत नाही. तुमच्या दुसऱ्या वाक्याबद्दल मात्र आपला वाद 2027 पर्यंत चालूच राहील, आणि मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मी तुम्हाला दूरध्वनी करून पुन्हा हेच सांगणार आहे.